हाइद, विम्बल्डन, बिझली : रायफल रेंजच्या वाटेवर

विम्बल्डन म्हटले की आपल्याला टेनिस आठवते. पण तिथली पहिली टेनिस स्पर्धा झाली १८७७ मध्ये. त्याआधी सतरा वर्षे विम्बल्डनचा बोलबाला होता तो रायफलच्या नेमबाजीमुळे. दर जुलैत तिथल्या माळावर हजारो माणसे तंबू ठोकून राहत, मोठी जत्राच भरे. नंतर नेमबाजी तिथून उठली, आणि आज टेनिस पाहायला जाणाऱ्या कोणाला तिची आठवणही नसते.

रायफलींवर भरपूर लिहिले जाते. कोणती कधी आली, कोणी बनवली, किती लांब मारते, सगळे मिळते. ज्या जमिनीवर ती चालवायला शिकवले गेले तिच्याबद्दल मात्र फारसे वाचायला मिळत नाही. नेमबाजीचा खरा इतिहास मला या जमिनीत दिसतो : मातीचा बांध, त्याच्यामागे बसून गोळी कुठे लागली ते दाखवणारा मार्कर, वाऱ्याचे बावटे आणि गुण लिहिणारा माणूस. म्हणून इंग्लंडच्या दक्षिणेतल्या तीन जागा, ज्या क्रमाने घडल्या त्याच क्रमाने, पाहायचे ठरवले.

पहिला दिवस : हाइद

लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनवरून वेगवान गाडी तासाभरात फोकस्टनला पोचवते. तिथून हाइदला बस जाते. गावाला लागून रॉयल मिलिटरी कॅनॉल आहे. नेपोलियन खाडी ओलांडून येईल या धास्तीने तो १८०४ पासून खोदला गेला. कालव्याच्या काठाने पश्चिमेकडे चालत गेलो की घरे संपतात आणि गोट्यांचा लांबच लांब किनारा लागतो. मधूनमधून त्याच काळातले जाड भिंतींचे गोल मार्टेलो बुरूज उभे आहेत. काठीवर लाल बावटा फडकत होता, म्हणजे आत गोळीबार चालू. कुंपणाबाहेर थांबून आवाज ऐकला. ही रेंज आजही लष्कराच्या वापरात आहे.

स्कूल ऑफ मस्केट्री इथे १८५३ मध्ये सुरू झाले. तोवर पायदळाच्या हाती गुळगुळीत नळीची मस्केट होती. तिचा भरवसा शंभर यार्डांपलीकडे नव्हता, त्यामुळे तिच्यासाठी मोठे मैदानही लागत नसे. रांगेत उभे राहायचे, समोर रोखायचे आणि हुकूम झाला की बार काढायचा. नळीच्या आत पिळदार खाचा पाडल्या की गोळी स्वतःभोवती फिरते आणि सरळ जाते, ही युक्ती जर्मन कारागिरांना कित्येक पिढ्या ठाऊक होती. अडचण होती ती गोळी भरण्याची. खाचांत घट्ट बसेल अशी गोळी तोंडातून ठोकून ठोकून आत घालावी लागे, आणि लढाईत तेवढी सवड कोणाला? फ्रेंच अधिकारी मिनिए याने १८४० च्या दशकाच्या अखेरीस टोकदार, बुडाशी पोकळ अशी गोळी बनवली. ती सैलपणे आत सरकते, बार उडाला की तिचे बूड फुगते आणि खाचा पकडते. बदल एवढासाच, पण साध्या शिपायाच्या हातात शेकडो यार्डांचा पल्ला आला.

आता जमीनही तेवढीच लांब हवी होती, आणि हाइदचा सपाट, निर्मनुष्य किनारा त्यासाठी सोयीचा होता. समोर मोकळा समुद्र असल्याने चुकलेली गोळी कोणाला लागण्याची भीती कमी.

इथल्या शिक्षणातला मला सर्वांत आवडलेला भाग म्हणजे अंतराचा अंदाज. त्या काळची गोळी जड आणि संथ, तिची वाट कमानीसारखी. लांबच्या पल्ल्यावर पन्नास-साठ यार्डांचा अंदाज चुकला की गोळी डोक्यावरून तरी जाणार, नाहीतर पुढ्यात मातीत घुसणार. म्हणून शिकाऊ शिपायांसमोर ठरावीक अंतरांवर माणसे उभी करत आणि विचारत : काय दिसते? गणवेशाची बटणे मोजता येतात का? चेहरा वेगळा ओळखू येतो का? की नुसती आकृती? प्रत्येकाने आपल्या डोळ्यांची मापे आपणच ठरवायची. बंदूक हातात घेण्याआधी नीट पाहायला शिकवणारी ही पद्धत मला फार मोलाची वाटते.

हाइदचा एक धागा थेट आपल्या इतिहासात येतो. नवी एनफिल्ड रायफल शिकवण्यासाठी हिंदुस्थानात डमडम, अंबाला आणि सियालकोट इथे शिक्षणकेंद्रे उघडली गेली. चरबी लावलेल्या काडतुसांची कुजबुज जानेवारी १८५७ मध्ये सुरू झाली ती डमडमलाच. शाळेच्या पुस्तकात आपण काडतुसे वाचतो, मंगल पांडे वाचतो. पण ती काडतुसे बराकीत कशासाठी आली, तर नेमबाजीच्या या नव्या शिक्षणासाठी, हे मला त्या किनाऱ्यावर उभे राहिल्यावर नीट उमगले.

शाळेच्या जुन्या इमारती आता उरलेल्या नाहीत. संध्याकाळी लंडनला परतलो.

दुसरा दिवस : विम्बल्डन कॉमन

स्टेशनपासून चढ चढून वर आले की मोठा माळ लागतो. बर्च आणि ओकची झाडे, गवत, घोडेस्वारांच्या पायवाटा. मधोमध १८१७ ची पवनचक्की आहे. नेमबाजीच्या छावणीची जुनी चित्रे पाहिली तर ही पवनचक्की त्यांत हमखास असते. तंबूंच्या रांगा तिच्याभोवती पसरलेल्या असत.

१८५९ मध्ये इंग्लंडला पुन्हा फ्रान्सची धास्ती वाटू लागली. या वेळी समोर तिसरा नेपोलियन होता. सरकारने मे महिन्यात स्वयंसेवक पलटणी उभारायला परवानगी दिली आणि कारकून, वकील, दुकानदार, चित्रकार सगळे गणवेश शिवून तयार झाले. उत्साह भरपूर होता, पण नेम धरायला शिकवणार कोण? त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नॅशनल रायफल असोसिएशन स्थापन झाली. लॉर्ड एल्को आणि अर्ल स्पेन्सर यांचा त्यात पुढाकार होता. हा माळ स्पेन्सर यांच्याच जहागिरीत होता, त्यामुळे जागेचा प्रश्न सुटला.

२ जुलै १८६० रोजी पहिली गोळी राणी व्हिक्टोरियाने झाडली. व्हिटवर्थची षटकोनी नळीची रायफल लोखंडी घोडीवर आधीच रोखून, घट्ट बसवून ठेवली होती. राणीने ट्रिगरला बांधलेली रेशमी दोरी ओढली. ४०० यार्डांवरच्या निशाणाच्या मध्यबिंदूपासून सुमारे सव्वा इंचावर गोळी लागली. नेम यंत्राचा होता हे खरे. तरीही त्या काळी ४०० यार्डांवर एवढी अचूकता लोकांनी डोळ्यांनी पाहिली, ही गोष्ट लहान नाही. राणीने ठेवलेले २५० पौंडांचे बक्षीस त्या वर्षी एडवर्ड रॉस या कोवळ्या तरुणाने जिंकले. तीच स्पर्धा आजही चालू आहे. गादीवर राणी असेल तर 'क्वीन्स प्राइझ', राजा असेल तर 'किंग्ज प्राइझ'.

माळावर फिरताना माझ्या डोळ्यांसमोर सारखा मार्कर येत होता. सुरुवातीची निशाणे लोखंडी पत्र्याची असत, त्यांवर चुन्याचा पांढरा हात आणि मधे काळा चौकोन. शिशाची गोळी पत्र्यावर आदळली की चपटी होऊन फुटे आणि रंग उडून तिथे राखाडी डाग पडे. मार्कर जवळच आडोशाला बसलेला. तो डाग पाही, खुणेचा बावटा दाखवी, आणि शेकडो यार्डांवरून ती खूण पाहून इकडचा माणूस वहीत आकडा लिही. डाग फार झाले की धोक्याचा लाल बावटा लावून मार्कर बाहेर येई आणि ब्रशने पुन्हा चुना फासे. तो बाहेर असताना एकानेही बोट ट्रिगरवर ठेवायचे नाही. आज प्रत्येक रेंजवर असलेली शिस्त या माणसाच्या जिवाच्या काळजीतून आली आहे. पुढे चौकटीवर ताणलेली, कागद चिकटवलेली कापडी निशाणे आली. ती खंदकातून वर-खाली करता येत, आणि मार्कर जमिनीच्या पातळीखाली सुरक्षित बसू लागला. रायफलमधल्या कोणत्याही सुधारणेइतकीच मी या खंदकाची सुधारणा मोठी मानतो.

छावणी इतकी वाढली की १८६४ पासून माणसे ने-आण करायला घोड्यांची ट्राम होती, पुढे वाफेचे इंजिनही आले. पण लंडनही वाढत होते. माळाच्या कडेने घरे उभी राहिली. शेजारच्या जमिनीचे मालक ड्यूक ऑफ केंब्रिज यांनी हरकत घेतली, आणि ते तर खुद्द सेनापती होते. त्यात १८८८ मध्ये लष्कराने लहान व्यासाची, अधिक वेगाने गोळी फेकणारी .३०३ ली-मेटफर्ड स्वीकारली, म्हणजे चुकलेली गोळी आणखी दूर जाणार. १८८९ चा मेळावा विम्बल्डनचा शेवटचा ठरला.

तिसरा दिवस : बिझली, सेंच्युरी रेंज

वॉटर्लूहून ब्रुकवुडला गाडीने यायचे. पूर्वी ब्रुकवुडपासून छावणीपर्यंत स्वतंत्र फाटा होता. १८९० मध्ये सुरू झालेला तो फाटा १९५२ मध्ये बंद पडला, पण छावणीतले जुने स्टेशन अजून उभे आहे. मी चालत गेलो.

आत शिरल्यावर पहिल्या नजरेतच जागा आवडली. लाकडी व्हरांडे, उतरती छपरे, पांढरे कठडे, समोर फुलझाडे : माथेरानचे जुने बंगले कोणीतरी उचलून सरे परगण्यातल्या या माळावर ठेवावेत तसे क्लबहाऊस. काही इमारती विम्बल्डनहून उचलून आणलेल्या. जुलैचा मेळावा चालू असल्याने गवतावर तंबू आणि कॅराव्हॅन होत्या, आणि रायफलच्या लांबट पेट्या खांद्याला अडकवून सत्तरीतले आजोबा आणि शाळकरी मुली एकाच वाटेने निघाल्या होत्या. बिझलीची पहिली गोळी जुलै १८९० मध्ये प्रिन्सेस ऑफ वेल्स अलेक्झांड्रा यांनी झाडली. आजूबाजूला लष्कराच्याच रेंज आहेत, म्हणून मागची धोक्याची जमीन आयती मिळाली. एवढ्या वर्षांत बिझलीला पुन्हा हलावे लागले नाही.

सेंच्युरी रेंज एका रांगेत शंभराहून जास्त निशाणे मावतील एवढी रुंद आहे, पल्ला ६०० यार्डांपर्यंत. कानांवर मफ चढवून मी फायरिंग पॉइंटच्या मागे बसलो. मॅटवर पालथे पडायचे, डाव्या दंडाला पट्टा आवळायचा, रायफलचा दस्ता खांद्यात रुतवायचा. दुर्बीण लावलेली नाही. मागे बारीक भोक, पुढे बारीक कडे, आणि त्या दोन्हींतून पलीकडे पोस्टाच्या तिकिटाहून लहान दिसणारा काळा ठिपका. गोळी सुटली की निशाण खाली जाते. खंदकातला मार्कर भोकात गोल चकती खोचतो, आधीच्या भोकावर कागद चिकटवतो आणि निशाण वर सारतो. काही निशाणे आता इलेक्ट्रॉनिक आहेत, आकडा थेट पडद्यावर येतो. मी मुद्दाम कागदाच्या निशाणांसमोर बसलो.

एकाच निशाणावर दोघे-तिघे आळीपाळीने मारतात, आणि प्रत्येकाचे गुण शेजारचा स्पर्धक लिहितो. ज्याला हरवायचे त्याच्याच हाती आपली वही. माझ्यासमोर एका मुलीने शेजाऱ्याचा आकडा मोठ्याने उच्चारला, लिहिला, मग आपल्या रायफलमध्ये गोळी सरकवली. त्याचा 'व्ही-बुल' होता, म्हणजे निशाणाच्या मधल्या 'बुल' या वर्तुळाच्याही आतल्या छोट्या वर्तुळात. तिच्या आवाजात जराही कुचराई नव्हती.

या दिवसाची वाट मी महिनोन्महिने पाहिली होती, कारण कार्यक्रमपत्रिकेत सामना होता 'कोलापोर'. हे आपले कोल्हापूरच. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज १८७० मध्ये इंग्लंडला आले, तेव्हा त्यांचे वय वीस. परतीच्या प्रवासात ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्ये त्यांचे निधन झाले, आणि आर्नो नदीच्या संगमावर त्यांचे दहन झाले. तिथे त्यांची छत्री आजही आहे, ती मराठी पर्यटक पाहतात. पण त्यांनी दिलेला चषक १८७१ पासून आधी विम्बल्डनला आणि मग बिझलीला खेळला जातो, हे आपल्याकडे किती जणांना माहीत आहे? १८७२ मध्येच तो कॅनडाच्या संघाने समुद्र ओलांडून येऊन जिंकला होता.

सामना ब्रिटन आणि परदेशी संघांचा. संघात आठ जण. ३००, ५०० आणि ६०० यार्डांवर प्रत्येकी दहा गोळ्या. प्रत्येक गोळीला जास्तीत जास्त पाच गुण, म्हणजे संघाची कमाल १२००. प्रत्येक संघाचा वाऱ्याचा जाणकार दुर्बिणीला डोळा लावून बसलेला. ३०० यार्डांवर वारा फारसा छळत नाही. ६०० वर मात्र सगळे सामर्थ्य त्या जाणकाराच्या डोळ्यात. बावटे एक सांगतात, जमिनीलगतचे मृगजळ दुसरेच. मृगजळाच्या लाटा उजवीकडे वाहत असल्या तर हवा उजवीकडे चालली आहे. लाटा सरळ वर उकळू लागल्या की वारा पडला किंवा दिशा बदलतोय, तेव्हा थांबायचे. मी तासभर एका जाणकाराच्या मागे बसून होतो. तो नेमबाजाशी दोन-दोन शब्दच बोले : 'अर्धा डावा', 'थांब', 'आता'. आणि नेमबाज काही न विचारता नेमाची कळ फिरवून चाप ओढी.

एका म्हाताऱ्या सदस्याला मी सांगितले की मी या चषकाच्या मुलखातला. त्याने उभे राहून हात मिळवला. कोल्हापूर कुठे, तिथे आज नेमबाजी होते का, असे त्याने विचारले. मी राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेचे नाव सांगितले. पॅरिस ऑलिंपिक, २०२४, ५० मीटर थ्री पोझिशन, कांस्य. त्याला ती अंतिम फेरी आठवत होती, पण तो मुलगा त्याच कोलापोरचा हे आत्ताच कळले, म्हणून त्याने शेजारच्या दोघांना हाक मारून सांगितले. माझी छाती अभिमानाने भरून आली, हे लपवत नाही.

चौथा दिवस : पाऊस, संग्रहालय

सकाळपासून पाऊस. असोसिएशनच्या छोट्या संग्रहालयात जुन्या रायफली, पदके, छायाचित्रे पाहिली. दुपारी लॉर्ड रॉबर्ट्स सेंटरकडे गेलो. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात तिथल्या शेतकरी नेमबाजांनी ब्रिटिश फौजेची दाणादाण उडवली, तेव्हा ब्रिटिश सेनापती लॉर्ड रॉबर्ट्स यांनी गावोगावी .२२ च्या छोट्या रेंज काढण्याचा ध्यास घेतला. लांब मैदान नको, महाग काडतूस नको, पंचवीस यार्डांची जागाही पुरे. नेमबाजी सामान्य माणसाच्या घरापर्यंत आली ती या वाटेने. मँचेस्टरच्या २००२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेतली नेमबाजी बिझलीतच झाली होती आणि अंजली भागवतने तेव्हा चार सुवर्णपदके जिंकली होती.

पाचवा दिवस : स्टिकलडाउन

स्टिकलडाउन ही बिझलीतलीच ८०० ते १२०० यार्डांची रेंज आहे. समोर दूरवर हिरवा चढ, त्याच्या पायथ्याशी निशाणांची पांढरी रेघ. गोळी सुटल्यावर हजार यार्डांवर पोचायला दीड सेकंदाहून जास्त लागते. तेवढ्यात वाऱ्याने मन बदलले की बुलचा आउटर होतो, म्हणजे गोळी बाहेरच्या वर्तुळात जाते.

१९०८ च्या लंडन ऑलिंपिकची रायफल नेमबाजी बिझलीतच झाली. धावत्या हरणाच्या आकृतीवर मारण्याची स्पर्धा स्वीडनच्या ऑस्कर स्वान यांनी साठाव्या वर्षी जिंकली. पुढे १९२० मध्ये बहात्तराव्या वर्षी त्यांनी रौप्यपदक मिळवले. ऑलिंपिकमध्ये पदक मिळवणारे सर्वांत वयस्क खेळाडू म्हणून त्यांचेच नाव आजही घेतले जाते.

हजार यार्डांचे सुवर्ण मात्र जोशुआ मिलनर या साठी ओलांडलेल्या आयरिश नेमबाजाला मिळाले, आणि त्यामागे चौतीस वर्षांची गोष्ट आहे. २६ सप्टेंबर १८७४ रोजी न्यू यॉर्कजवळच्या क्रीडमूर रेंजवर अमेरिका आणि आयर्लंड यांचा सामना झाला. सहा-सहा जणांचे संघ; ८००, ९०० आणि १००० यार्ड. आयरिश संघाकडे रिग्बीच्या तोंडाने भरायच्या रायफली, अमेरिकनांकडे मागून भरायच्या शार्प्स आणि रेमिंग्टन. मिलनरने एक सुरेख बुल मारला, पण शेजारच्या निशाणावर. गुण शून्य. आयरिशांचे ९३१ झाले, अमेरिकेचे ९३०, आणि एकच गोळी बाकी. ती कर्नल बोडीन यांची. जिंजर बिअरची बाटली हातात फुटून त्यांचा तळवा कापला होता. रुमाल गुंडाळून ते पालथे पडले आणि त्यांनी बुल मारला. ९३४ विरुद्ध ९३१. बुलला चार गुण मिळत, म्हणजे मिलनरचा तो बुल जागेवर असता तर आयर्लंड एका गुणाने जिंकले असते. त्या सामन्याने अमेरिकेत नेमबाजीचे वेड लावले. आणि तोच मिलनर चौतीस वर्षांनी ऑलिंपिक विजेता झाला.

निशाण चुकण्याची ही गोष्ट जुन्या काळापुरती नाही. २००४ मध्ये अथेन्सला अमेरिकेचा मॅथ्यू एमन्स तीन गुणांनी पुढे होता. शेवटची गोळी त्याने शेजारच्या लेनच्या निशाणावर मारली आणि सुवर्ण चीनच्या जिया झानबोकडे गेले. १९५६ मध्ये मेलबर्नला कॅनडाच्या जेराल्ड उएलेटने ६०० पैकी ६०० गुण केले. मग मोजणी झाली आणि रेंज दीड मीटर कमी भरली. सुवर्ण त्याचेच राहिले, विश्वविक्रम मात्र धरला गेला नाही. फीत धरून जमीन मोजणाऱ्या माणसावर या खेळात किती अवलंबून आहे, पाहा.

विम्बल्डनला सुरू झालेल्या त्या राणीच्या बक्षिसाच्या अंतिम फेरीत इथे शंभर जण उतरतात. ९०० आणि मग १००० यार्ड. विजेत्याला खुर्चीत बसवून, ती खांद्यावर घेऊन, वाजतगाजत मिरवतात. १९३० मध्ये या खुर्चीत पहिल्यांदा एक स्त्री बसली : मार्जोरी फोस्टर. त्यांनी लेफ्टनंट एकल्स यांना एका गुणाने मागे टाकले होते. लष्करासाठी सुरू झालेल्या या स्पर्धेत त्या पुरुषांच्याच अंतरांवर, त्यांच्याच नियमांनी जिंकल्या. वेगळा गट नाही, सवलत नाही. आजही इथे तसेच आहे. माझ्यासमोरच्या फळीत एका मॅटवर निवृत्त माणूस होता, पलीकडच्या मॅटवर कॉलेजातली मुलगी, आणि ती त्याचे गुण लिहीत होती.

बिझलीला जायचे असेल तर जुलैचा मेळावा गाठा, कानांसाठी मफ आणि डोळ्यांसाठी साधी दुर्बीण घ्या, आणि आधी सेंच्युरीवर बसा, स्टिकलडाउन नंतर. ६०० यार्डांवर मृगजळ वाचता आले की हजारावर काय चालले आहे ते समजू लागते.